पोतं पहूरला, डबा जिनिव्हाला

४ जुलै २०२५ ला अमेरिकेनं आपल्या कापूसवाल्यांचा भाव वाढवून दिला. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरच्या स्टँडवर याची चर्चा झाली नाही. जुलै हा आमच्याकडे युरिया शोधायचा महिना. त्यात अमेरिकेकडे कोण बघतो! पण बघायला हवं होतं. 'वन बिग ब्यूटिफुल बिल' असं त्या कायद्याचं झोकदार नाव. कर, इमिग्रेशन, आरोग्य विमा अशा जंगी विषयांच्या गर्दीत त्यात एक बारीकशी ओळ आहे: सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटांवरून ४२ सेंट.

पौंड आणि सेंट आपल्या काट्यावर चढत नाहीत, म्हणून क्विंटलवर येऊ. ४२ सेंट पौंड म्हणजे क्विंटलला साडेब्याण्णव डॉलर. डॉलर तेव्हाच्या ८७-८८ रुपयांचा धरला तर ८,१०० रुपयांच्या आसपास. आता दिल्लीनं २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ठरवलेला हमीभाव बघा: ८,११० रुपये. टेक्सासचा शेतकरी आणि आमच्या वाघूरकाठचा शेतकरी, दोघांना दोन सरकारांनी सांगितलेला आकडा जवळजवळ एकच! कुणी म्हणेल, जागतिकीकरण आलं बुवा एकदाचं.

थांबा. कापसाची गाडी अजून खरेदी केंद्रावर उभी आहे.

तिकडे बाजारभाव आधारभावाच्या खाली गेला की फरक थेट खात्यात पडतो. तोही यंदा पेरलेल्या एकरांवर नव्हे, तर सरकारदप्तरी पूर्वीपासून नोंद असलेल्या 'पायाभूत' एकरांवर, त्यांच्या ८५ टक्क्यांवर. त्या वर्षी शेतात कपाशी होती की दुसरंच काही, यावर ते पैसे ठरत नाहीत. सातबारा नाही, तलाठ्याचा फोन लागतो का बघणं नाही. आमच्याकडे आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांग, मग ओलावा मोजायचं यंत्र. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं कपात, बारा टक्क्यांच्या वर गाडी परत. आणि दिवाळीनंतरच्या खानदेशात सकाळी कपाशीवर दव इतकं असतं की बोंडातून कापूस काढताना बोटं भिजतात. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणजे ओला कापूस वेचणारीला परवडतो, मालकाला नाही. मालक म्हणतो उन्हं चढू द्या. मजूर बाई म्हणते, मग दुपारी दुसऱ्याच्या शेतात कधी जाऊ? या वादावर जागतिक व्यापार संघटनेत अजून एकही बैठक झालेली नाही.

गाडी परत आली की दारात खेडा खरेदीवाला उभाच असतो. त्याला ओलावा चालतो, सातबारा लागत नाही, पैसे रोख. भाव तेवढा हमीभावाच्या खाली.

एक आकडा सांगून टाकतो, मग पुढं जाऊ. त्याच अमेरिकी कायद्यानं अशा योजनांतून एका माणसाला वर्षाला मिळू शकणाऱ्या रकमेची मर्यादा १ लाख २५ हजारांवरून १ लाख ५५ हजार डॉलर केली. रुपयांत साधारण एक कोटी पस्तीस लाख. याला ते 'मर्यादा' म्हणतात. आमचे पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मिळून बारा हजार होतात, आणि तेवढ्यासाठी केवायसी दरवर्षी नव्यानं अडते.

आता कुणी म्हणेल, त्यांचा पैसा, त्यांचे शेतकरी, तुम्हाला पोटदुखी कशाला? पोटदुखीचं कारण आहे. अमेरिका पिकवलेल्या कापसातला ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेर विकते. तिच्या घरच्या सूतगिरण्या कधीच आटल्या. म्हणजे अनुदान मिळतं टेक्सासातल्या लबकच्या शेतकऱ्याला, आणि त्या अनुदानावर पोसलेली गाठ उतरते ती जगाच्या बाजारात. न्यूयॉर्कचा वायदा आमच्या रात्री पडतो आणि सकाळी खेडा खरेदीवाला म्हणतो, "आज मार्केट मंदं आहे भो." मार्केट म्हणजे कोण, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याला शेंदुर्णीच्या जिनिंगवाल्याचा फोन, जिनिंगवाल्याला मुंबईचा, मुंबईवाल्याला मोबाइलवरचा आलेख.

या प्रकरणात एकच देश शहाणा निघाला. ब्राझील. त्यानं २००२ साली अमेरिकेच्या कापूस अनुदानावर जागतिक व्यापार संघटनेत खटला घातला. २००५ पर्यंत अपिलातही जिंकला. अमेरिकेनं थोडं काढलं, बरंच ठेवलं. ब्राझील म्हणाला, मग आम्ही तुमच्या मालावर आणि पेटंटांवर हात टाकतो. तेव्हा अमेरिकेला जे सुचलं ते कुठल्याही तिरकस सदरकाराला सुचलं नसतं: २०१० पासून तिनं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला सुरुवात केली. आपल्या शेतकऱ्याला पैसे देता यावेत म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही पैसे! २०१४ ला एकरकमी ३० कोटी डॉलर देऊन विषय मिटवला आणि कापूस आधारभावाच्या यादीतून काढला. चार वर्षांनी, २०१८ ला, तोच कापूस यादीत परत आला. फरक एवढाच की काढताना रुई होती, आणताना सरकीसकट आणली. जिनिंगच्या फाटकातून बाहेर गेलेली गाडी मागच्या दारानं आत. जामनेर तालुक्यात अशी युक्ती कुणी केली असती तर बाजार समितीनं परवाना काढून घेतला असता.

त्या खटल्यात भारतही होता बरं का. 'त्रयस्थ पक्ष' म्हणून. म्हणजे लग्नाला होतो, पंगतीला बसलो नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार आफ्रिकी देश २००३ पासून कापसाचं गाऱ्हाणं घेऊन फिरताहेत. त्यांना २००४ पासून 'तातडीनं' तोडगा काढण्याचं आश्वासन मिळालेलं आहे, आणि ते अजून शाबूत आहे. ब्राझील मात्र २०२३-२४ मध्ये अमेरिकेला मागं टाकून जगातला सर्वांत मोठा कापूस निर्यातदार झाला. त्याच्या गाठी आता कुठं येतात? आपल्याकडेही येतात.

कशा येतात ते ऐका. २०२१ पासून, मधली एक माफी सोडली तर, आयात कापसावर ११ टक्के शुल्क होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादलं. कापडवाले घाबरले; रास्त होतं. त्यांना दिलासा म्हणून दिल्लीनं १९ ऑगस्टपासून कापसाचं आयात शुल्क शून्य केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग आठवडा-दीड आठवड्यातच मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमचा कापूस फुटतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे खानदेशची वेचणी ऐन भरात असताना दार सताड उघडं. शुल्क लादलं अमेरिकेनं, फटका बसणार होता कापडवाल्या तिरुप्पूरला, आणि वळ उठला पहूरला. वर त्याच शून्य शुल्कावर अमेरिकेचा अनुदानित कापूसही आत यायला मोकळा झाला. शत्रूला शिक्षा करण्याची ही पद्धत आमच्या गावातल्या भाऊबंदकीतही अजून आलेली नाही.

हा देश एकेकाळी, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, २०११-१२ मध्ये १७० किलोच्या सव्वा कोटीहून जास्त गाठी बाहेर पाठवत होता. त्याच हंगामात, मार्च २०१२ मध्ये, दिल्लीनं एका सकाळी निर्यात बंद केली होती. शरद पवार कृषिमंत्री असून चिडले, नरेंद्र मोदी गुजरातचे मुख्यमंत्री म्हणून चिडले, आणि आठवडाभरात बंदी उठवावी लागली. कापसावर त्या दोघांचं एकमत झाल्याचा तो दुर्मीळ आठवडा.

आता जिनिव्हाला, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या दारात जाऊ. तिथं अनुदानांचे रंगीत डबे आहेत. हिरवा डबा चांगला, निळा चालण्यासारखा, पिवळा वाईट. कुठलं अनुदान कुठल्या डब्यात घालायचं यावर वकिलांची घरं चालतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं तिथं कागद दाखल केला की भारत कापसाला मर्यादेबाहेर आधार देतो. मर्यादा १० टक्क्यांची, आणि अमेरिकेच्या हिशेबानं आम्ही देत होतो ५३ ते ८१ टक्के! वाचून आमच्या गल्लीतल्या एका जाणत्यानं विचारलं, "कोणाला दिले? मला कसे नाही भेटले?"

भेटणार नाहीत, कारण ते पैसे नव्हेत, गणित आहे. आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६-८८ चा संदर्भ भाव वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला देशातल्या सगळ्या कापसानं गुणायचं. सीसीआयनं त्यातला चिमूटभर खरेदी केला असला तरी हिशेब सगळ्याचा. १९८६ ला आमच्या पहूरमधून पाचोरा-जामनेर 'पीजे' धावत होती, अरुंद रुळांवर, हात दाखवला तर थांबेल इतक्या वेगात. शंभर वर्षं धावून ती २०२० मध्ये थांबली. आता तिथं ब्रॉडगेजची भाषा आहे. जिनिव्हाचं गेज मात्र १९८६ चंच. चाळीस वर्षांत डिझेल, मजुरी, बियाणं, सगळं कितीपट झालं याला त्या गणितात जागा नाही, आणि त्याच गणितानं आम्ही जगातले लाडावलेले शेतकरी ठरतो.

पण एक कबूल करायला हवं. दिल्लीनंही जिनिव्हात आमची बाजू मोठ्या चतुराईनं लावून ठेवली आहे. तिथल्या शेती कराराच्या ६.२ कलमात विकसनशील देशांना सूट आहे: गरीब, साधनहीन शेतकऱ्यांना खत, वीज, पाणी स्वस्तात दिलं तर ते मर्यादेत मोजायचं नाही. भारतानं सांगितलं, आमच्याकडे दहा हेक्टरपर्यंतचा प्रत्येक जण साधनहीन. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त खातेदार. झालं! चोवीस एकरवाला जिनिव्हात दरिद्री नारायण. तोच माणूस जामनेरच्या तहसिलीत गेला की 'मोठा खातेदार' होतो. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरच्या रेषेवर त्याला पूर्ण माफीतून बाहेर काढलं होतं. स्वित्झर्लंडमधली गरिबी खानदेशात वटत नाही.

तर या ६.२ च्या आडोशानं आपलं अनुदान येतं ते भावाच्या रूपानं कमी, खत-वीज-पाण्याच्या रूपानं जास्त. आणि माझं म्हणणं इथंच आहे. अमेरिकेचं अनुदान शेतकऱ्याच्या बँकेत जातं. आपलं शेतकऱ्याच्या विहिरीत जातं. बँकेतला पैसा तो मोजू शकतो. विहिरीतलं अनुदान उपसताना विहीरच संपते.

युरियाचं पोतं घ्या. ४५ किलो, २६६ रुपये ५० पैसे. सबसिडी नसती तर दीड-दोन हजारांच्या घरात गेलं असतं. हल्ली सगळ्या कंपन्यांचं पोतं एकाच छापाचं, 'भारत युरिया', वर योजनेचं लांबलचक नाव, आणि बनवणाऱ्याचं नाव शोधायला चष्मा लावावा लागतो. युक्रेनच्या लढाईनंतर, २०२२-२३ मध्ये, खतांची सबसिडी अडीच लाख कोटींपर्यंत गेली. हा आकडा टीव्हीवर आला की शहरातले नातेवाईक फोन करतात: "मजा आहे तुमची!" आमची मजा अशी, की तो पैसा खत कारखान्याला जातो, कारखान्याकडून गॅसवाल्याला, आणि गॅस बराचसा बाहेरचा. पोटॅश तर देशात निघतच नाही. सगळा बाहेरचा, मुख्यतः रशिया, बेलारूस, कॅनडा, जॉर्डन, इस्रायल. भारताचं युरियाचं टेंडर निघालं की जगभरचे विक्रेते भाव चढवून बसतात, कारण त्यांना माहीत आहे, गिऱ्हाईक घासाघीस करणारं नाही, बिल सरकार भरणार. पहूरच्या कृषी केंद्रात भाव हलत नाही म्हणून आखाती बंदरात भाव हलतो. याला शेतकऱ्याचं अनुदान म्हणायचं असेल तर म्हणा. आमचा त्यात अंगठा तेवढा लागतो, पॉस मशीनवर.

आणि आता तापीकाठी चला. पहूर कापसाचं, केळीचं राज्य रावेर-यावलचं. तिथून निघणारा केळीचा एक कंटेनर जरा निवांत, अगदी मुळापासून, बघण्यासारखा आहे.

आखातातून गॅस येतो. त्या गॅसचा युरिया होतो. काही युरिया तर तयारच ओमानहून येतो, तिथं सूर या गावी इफ्को-कृभकोच्या भागीदारीतला कारखानाच आहे. तो युरिया सबसिडीत रावेरला पोचतो. तिथं बोअरवर मोटर आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज एप्रिल २०२४ पासून फुकट, २०२९ पर्यंत, राज्यातल्या ४४ लाख शेतकऱ्यांना. (मोटरीवरची पाटी साडेसातची असते. मोटर कितीची असते हे विचारणं गावात असभ्यपणाचं मानतात.) ती वीज येते कधी, तर पाळीत एक आठवडा रात्री. अंधारात विंचू-बिबट्याच्या भीतीनं कोण सारखं बटण दाबायला जाईल? ऑटो स्विच लावून ठेवायचा, वीज आली की मोटर आपोआप सुरू, भरलं तरी सुरू. आता सौर पंप येताहेत. दिवसा वीज मिळते हे चांगलंच झालं, पण उन्हाला मीटर नसतं, त्यामुळे मोटर बंद करायला कारणही नसतं.

जळगावनं जगाला ठिबक विकलं, शिकवलं, आणि स्वतःही लावलं. हे खरं आणि अभिमानाचं. पण ठिबकनं वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं असं कुणी पाहिलंय? ते शेजारच्या तुकड्यात गेलं. जिथं केळीची एक मृगबाग होती तिथं मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही. रावेर-यावल भूजल खात्याच्या यादीत कधीपासून लाल आहेत. बोअरची खोली शेकडो फुटांत सांगतात, आणि सांगताना आवाजात थोडा मानही असतो. आता तापीच्या महापुनर्भरणाची योजना आहे; महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये करार झाला. म्हणजे फुकट विजेनं वर काढलेलं पाणी सरकारी खर्चानं परत खाली सोडायचं. दोन्ही टोकांना ठेकेदार आहेत, मधे शेतकरी.

मग घड उतरतो. फण्या कापून तुरटीच्या पाण्याच्या हौदात धुतात, पुसतात, तेरा-साडेतेरा किलोच्या खोक्यात बसवतात आणि खोके गार कंटेनरमध्ये चढतात. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. वीस टनांच्या कंटेनरमध्ये पंधरा टन तर सरळसरळ पाणी, वाढवायला लागलं ते वेगळंच. कंटेनर जातो कुठं? इराण, इराक, अमिरात, ओमान, सौदी. ज्यांच्याकडे गॅस आहे आणि पाणी नाही त्यांना, ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांच्याकडून. गॅसचे पैसे ते पूर्ण घेतात. पाण्याचे पैसे आपण लावतच नाही, कारण ते फुकट आहे.

ओमानच्या गृहिणीला महाराष्ट्राच्या करदात्यानं केळ्यामागं किती रुपये दिले, याचा हिशेब कुठल्याच डब्यात नाही. हिरव्यातही नाही, पिवळ्यातही नाही.

बरं, केळीवाल्याला तरी मिळतं का? भाव बोर्डावर लागतो, बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे सगळे डोळे. आणि भाव चढलेला दिसला म्हणून कटाई मागितली की व्यापारी म्हणतो, आज गाड्या नाहीत. वीज फुकट, खत स्वस्त, म्हणजे तुमचा खर्च कमी. म्हणून तुम्हाला भाव कमी दिला तरी चालतो. हे वाक्य कुणी बोलून दाखवत नाही, पण साखळीतला प्रत्येक जण ते गृहीत धरून बोली लावतो. दिलेली सबसिडी भावातून अशी परत जाते.

कापसात तर आणखी गंमत. शेतीची वीज फुकट, म्हणून उद्योगाची महाग. एकाचं बिल दुसऱ्यावर टाकायचं ही महाराष्ट्राची जुनी रीत. त्यामुळे जिनिंगवाला, सूतगिरणीवाला वीजबिल बघून कपाळाला हात लावतो आणि रुई गुजरातला, तमिळनाडूला जाते. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आता मॉल आहे. मिल बंद पडण्याची कारणं दुसरी, मान्य. पण नवी निघत नाही त्याच्या कारणांत विजेचं बिल आहेच. सबसिडीनं पिकवायचं इथं, सूत काढायचं तिथं, आणि मॉलमध्ये शर्ट घ्यायचा बांगलादेशात शिवलेला.

शेतकरी नेते शरद जोशी हयातभर 'उणे सबसिडी' म्हणत राहिले. सरकार एका हातानं देतं त्यापेक्षा दुसऱ्या हातानं जास्त काढून घेतं, हे त्यांचं सूत्र. नव्वदीच्या सुरुवातीला बाकीचे डंकेल प्रस्तावाचे पुतळे जाळत होते, तेव्हा हा माणूस म्हणत होता, येऊ द्या. बाहेरच्यांशी आम्ही लढू, आधी घरचे हात आवरा. तेव्हा त्यांना पुष्कळ शिव्या बसल्या. आता पॅरिसची ओईसीडी ही संस्थाही तेच सांगते: भारतात निर्यातबंद्या आणि दाबलेल्या भावांमुळे शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार उणे निघतो, खत-विजेची सबसिडी धरूनही.

पुरावा शोधायला लांब जायला नको. मे २०२२, गव्हाची निर्यात बंद. ऑगस्ट २०२३, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरात सरळ बंदी, ती उठली मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या तिसऱ्या टप्प्याच्या तोंडावर. आणि कापूस? २०२१-२२ मध्ये एकदाच बारा हजारांच्या वर गेला. खानदेशात तेव्हा लग्नं जरा जोरात झाली. १४ एप्रिल २०२२ ला आयात शुल्क माफ. पुढच्या वर्षी लोकांनी दहा हजारांच्या आशेनं कापूस घरात भरून ठेवला. पडवीत, माजघरात, पलंगाखाली. उन्हाळा आला तसं घरादाराला खाज सुटली, पोरांच्या अंगावर पुरळ, डॉक्टर मलम देताना विचारायचा, किती क्विंटल आहे? शेवटी मलमाचे पैसे देऊन कापूस सात-आठ हजारांनी गेला.

त्या आधीच्या पिढीनं एकाधिकार खरेदी पाहिली. १९७२ पासून महाराष्ट्राचा कापूस सरकारलाच विकायचा. सरकार चेक देणार, चेक काही महिन्यांनी वटणार. मग रात्री गाड्या मध्य प्रदेश आणि गुजरातच्या हद्दीकडे. आपलाच कापूस आपणच चोरून न्यायचा! आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे काय, हे आमच्या आजोबांना राज्याच्या सीमेवरच कळलं होतं.

मग करायचं काय, सगळी सबसिडी बंद? पुण्या-मुंबईचे अर्थतज्ज्ञ हे फार सहज सांगतात. माझी एवढीच विनंती, क्रम चुकवू नका. आधी निर्यातबंदीची सवय सोडा. वेचणीच्या महिन्यात आयात शुल्क शून्य करू नका. मग विजेला मीटर लावा आणि त्याचे पैसे आधी खात्यात टाकून मोटर चालवायची की नाही हे आमच्यावर सोडा. वाचवलेल्या युनिटचे पैसे खिशात राहणार असतील तर ऑटो स्विच आम्हीच उपटून फेकू. पण दिल्लीचा अनुभव असा, की मीटर लगेच येईल, खात्यातले पैसे पुढच्या अधिवेशनात, आणि निर्यातबंदी पुढच्या निवडणुकीत. म्हणून शेतकरी फुकट वीज सोडत नाही. लबाडी म्हणा त्याला. मी अनुभव म्हणतो.

परवा कृषी केंद्रात उभा होतो. एका काकांनी तीन पोती युरिया मागितला. दुकानदार म्हणाला, "देतो ना काका, पण सोबत झिंकची पिशवी आणि ही बाटली घ्यावी लागंल. वरूनच लिंकिंग आहे."

"बाटलीवर सबसिडी आहे का?"

"नाही, बाटलीवर नाही."

"कितीला?"

दुकानदारानं आकडा सांगितला. काकांनी मनात हिशेब केला, बोटं मोडली, आणि म्हणाले, "मग पोत्यावरची सबसिडी बाटलीत भरून परत चालली म्हण ना भो! बाटली राहू दे, पोतं पुऱ्या भावानं दे."

"तसं बिल निघत नाही काका. मशीन घेत नाही."